बाळाचे वजन झाले, आईचे काय?

नंदुरबार म्हटले की कुपोषण, आणि कुपोषण म्हटले की ‘आई अडाणी, बाळाकडे लक्षच देत नाही’ हे ठरलेले उत्तर. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करताना मी ते शिकलेल्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे. बाळाला पाजताना नुसती भिंतीकडे बघत बसणारी बाळंतीण निष्काळजी नसते, बऱ्याचदा आजारी असते. हे प्रसूतीनंतरचे नैराश्य. आई हसत-बोलत नाही तेव्हा बाळाचे बोलणे, शिकणे मागे पडू शकते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के बाळंतिणींना हे नैराश्य आढळले. मुख्य कारणे गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. मुलगी झाली की धोका आणखी वाढलेला. अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने, उंचीने कमी भरली, हे पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवले. म्हणजे आजार समाज देतो आणि दोष आईला लावतो!

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना आईची विश्रांती हा देशहिताचा प्रश्न म्हणून मांडला. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आदिवासी बाईला ती विश्रांती आजही नाही.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत अनेकदा जाते. बाळाचे वजन जरूर करा. पण आईलाही तिच्या बोलीत विचारा: झोप लागते का? रडू येते का? जीव नकोसा होतो का? आणि उत्तर ‘हो’ आले तर उपचार तालुक्यातच मिळाले पाहिजेत. ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

जय भीम!