पद्मिनीचं दार

'भंगारात काढू या आता गाडी,' बाबा फोनवर म्हणाले आणि मी शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली. पहाटे रत्नागिरी, मग रिक्षाने मिरजोळे.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईतल्या तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. हिचं इंजिन ठणठणीत, पण दारांची आतली पॅनल्स फुगून पार लोंबत होती.

काच फिरवायच्या हँडलची पिन काढली, कडेने पट्टी सरकवत एकेक क्लिप सोडवली. हे काम कायम बाबांचं. या वेळी स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांचा हात थरथरतो, हे मला तेव्हा कळलं.

रेक्झिनमागचा हार्डबोर्ड कुजला होता. बिचाऱ्या पावसाला काय बोलणार? काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. इथे भोकं मातीने बुजलेली, आणि पॅनलमागचं प्लॅस्टिक मागच्या दुरुस्तीत कुणी परत लावलंच नव्हतं! तुमचीही गाडी जुनी असेल, तर ही भोकं एकदा बघाच.

भोकं मोकळी केली. जुन्या तुकड्याच्या मापाने नवा बोर्ड कापला, उन्हात मऊ केलेलं जुनंच मरून रेक्झिन सोल्युशनने चिकटवलं. आधी प्लॅस्टिक, मग पॅनल. क्लिपा टकाटक बसल्या. शेवटची मात्र बाबांनी तळहाताने दाबली.

'तीन दारं राहिली,' ते म्हणाले.

भंगाराचा विषय निघालाच नाही. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलंय.