बाजारातला जुना सदरा

शेतीखात्याच्या माणसाने बियाणे, खते आणि बोंडअळी यांवर बोलावे, शिवणटिपणात त्याचे काय काम, असे तुमच्या मनात येईल. पण माझे वडील दोन एकर कोरडवाहू सांभाळून गावात शिलाई करीत. परभणीला बी. एस्सी. ॲग्रिकल्चरला जाईपर्यंत ओट्यावरच्या त्या पायमशीनवर काज-बटणे करण्याचे काम माझ्याकडे असे. नोकरी लागली, मशीन सुटले. पण समोरच्या माणसाचा सदरा कुठे उसवला आहे, तिकडे माझी नजर अजून आधी जाते.

आठवडी बाजारात भाजीची रांग संपली की एका कडेला जुन्या कपड्यांचा ढीग मांडलेला असतो. तुम्ही तो पाहिलाच असेल. शहरात बोहारीण दारोदार फिरते, पातेले नाही तर परात देते आणि जुने कपडे घेऊन जाते. त्यांतले धडके कपडे धुवून, सांधून असे बाजारोबाजारी विकायला येतात. एका नव्या सदऱ्याच्या पैशात चार-पाच सहज मिळतात. तरी आपली माणसे त्या ढिगाकडे चोरून बघतात. घ्यायचेच झाले तर ओळखीचे कोणी नाही ना, याची आधी खात्री करून घेतात.

एका गावी महिलांच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक मावशी तटकन म्हणाल्या, "सायेब, दुसऱ्याचं उतरलेलं आम्ही अंगावर घालावं का? तेवढी वेळ नाही आली आमच्यावर." त्यांचा राग खोटा नव्हता. कुणाचे तरी उतरलेले कपडे हात पसरून घेण्याचे दिवस त्या पिढीने पाहिले आहेत. मी एवढेच म्हणालो, की मावशी, मोफत मिळालेले घेऊ नका, पैसे मोजून घ्या. आणि सणाला घालू नका, शेतात घाला. घरचा जुना सदरा असेल तर बाजारात जायचीही गरज नाही. वेचणीला, काढणीला नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवून जाणाऱ्या बाया आपण रोज पाहतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग तोच सदरा नीट बेतून का घालू नये?

आधी कापड पारखायला शिका. शेतात आणि चुलीपुढे सुतीच हवे. ढिगातला सदरा सुती आहे की टेरिलीनचा, हे हाताला नेहमीच कळत नाही. शिवणीच्या आतल्या बाजूचे कापडाचे चार धागे ओढून घ्या आणि मोकळ्या जागी काडी लावून बघा. सूत कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटाने चुरगळली की पीठ होते. टेरिलीन आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही प्रकार थोडेथोडे दिसतात. वितळणारे कापड पेटले तर कातडीला चिकटून बसते. म्हणून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ते नकोच. नंतर कापड उजेडात धरा. काखेत आणि मानेवर विरलेले असेल तर सोडून द्या, बाकी कुठेही फाटले असले तरी चालते.

घरी आणल्यावर तसेच अंगावर चढवू नका. सुती असेल तर उकळत्या पाण्यात चांगले पंधरा मिनिटे ठेवा, मग साबणाने धुवा आणि कडक उन्हात उलटे करून वाळवा. उवा आणि खरजेचे किडे उकळीत तग धरत नाहीत. उकळता न येणारा कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवून द्यावा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर फार दिवस जगत नाही. रंग जाणारा कपडा पहिल्या धुण्यात वेगळा टाका, एवढे तुम्हाला सांगायला नको.

आता बेताचे पाहू. पुरुषाचा पूर्ण बाहीचा सुती सदरा घ्या, तुमच्या मापापेक्षा एक माप मोठा. कॉलर काढू नका. उन्हात ती उभी केली की मान झाकते. लुगड्याच्या निऱ्यांवर सदरा कंबरेला अडतो, हीच मुख्य अडचण असते. त्यासाठी दोन्ही बाजूंची शिवण खालून वीतभर उसवा आणि तेथे दुसऱ्या कापडाची तिकोनी कळी बसवा. कळीची रुंदी खाली चार-पाच बोटे पुरे. खालचा गोल घेर सरळ कापून दुमडून घ्या. बाहीच्या कफाचे बटण दोन बोटे आत घ्या, म्हणजे मनगटाशी बाही घट्ट बसेल. आणि एक युक्ती सांगतो. मुलाचा जुना मोजा असेल तर त्याचा पंजा कापून टाका आणि वरची नळी बाहीच्या टोकाला आतून जोडा. सोयाबीन काढताना शेंगांची टोके आणि कापूस वेचताना बोंडांची सुकी नखे ज्या जागी ओरखडतात, ती हाताची मागची बाजू झाकली जाते. मशीन असेल तर तासाभराचे काम. हाताने शिवणार असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला. कष्टाच्या कामात धावदोरा टिकत नाही.

हा सदरा मळणीच्या दिवशी तर घालाच. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, गळ्यातला गमछा, यांतले काहीही मळणी यंत्रात ओढले गेले की माणूस त्यामागे जातो. धोकादायक यंत्रांविषयी १९८३ चा कायदा आहे आणि त्यात मळणी यंत्रांचाच विचार प्रामुख्याने आहे. पण खळ्यावर कायदा उभा नसतो, तुम्ही असता. पदर सदऱ्याच्या आत खोचून बटणे लावली की लोंबणारे काही उरत नाही. वेणीही आत घ्या.

फवारणीविषयी मात्र मला जरा थांबून बोलले पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर आम्ही गावोगाव बैठका घेतल्या. चष्मा, हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि अंगरखा यांचा संच वापरा, असे सांगितले आणि आजही सांगतो. जुना सदरा त्या संचाची जागा घेऊ शकत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. पण संच नाही म्हणून बनियनवर, उघड्या पायांनी फवारणारे मी अजूनही पाहतो. त्यांच्यासाठी हे सांगतो. पूर्ण बाहीचा जाड सुती सदरा आणि पायघोळ पॅन्ट एवढे तरी अंगावर असू द्या. कपाशी कंबरेएवढी झाली की माणूस ओल्या पानांतून चालतो आणि सर्वांत आधी मांड्यांची पुढची बाजू भिजते. म्हणून पॅन्टला पुढून, कंबरेपासून गुडघ्याखालीपर्यंत, मेणकापडाचे दोन तुकडे नाडीने बांधता येतील असे करून घ्या. औषध कालवताना पोटावरही मेणकापड बांधा. आणि सुती कापड औषधाने ओले झाले की लगेच उतरवा, अंग धुवा. ओले कापड विष धरून ठेवते आणि कातडीला लावून ठेवते. अशा वेळी सदरा अंगावर वाळवणे हे उघड्या अंगापेक्षा बरे नाही.

हे कपडे धुते कोण? घरातली बाई. एका घरी मी विचारपूस केली तेव्हा त्या वहिनींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठले होते. त्या कधी शेतात फवारायला गेल्या नव्हत्या. नवऱ्याचा फवारणीचा सदरा आणि तान्ह्याची लंगोटी एकाच बादलीत भिजत होती. तेव्हा फवारणीच्या कपड्यांवर लाल दोऱ्याची ठळक खूण करा, ते गोठ्यातल्या वेगळ्या खुंटीवर टांगा, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, गरम पाण्याने दोनदा धुवा. नदी-ओढ्यावर नेऊ नका. पातळ न केलेले औषध ज्यावर सांडले तो कपडा धुण्याच्या भानगडीतच पडू नये, तो वापरातून काढावा. आणि लाल दोऱ्याचा कपडा किती का चांगला असेना, त्याचे गोधडीत ठिगळ नाही, पोतेरे नाही, मडक्यावर फडके नाही.

पॅन्टचे पाय फार उपयोगी. गुडघ्याजवळ फाटलेली जाड सुती पॅन्ट ढिगात कुणी घेत नाही, ती तुम्ही घ्या. मांडीपासून पाय कापा, खालचे तोंड शिवून टाका, वर नाडी ओवा, झाली बियाण्याची पिशवी. कापूस वेचायची कंबरेची झोळी मात्र धोतराची किंवा सुती लुगड्याचीच करावी. खताच्या प्लॅस्टिक पोत्याचे धागे कापसात मिसळतात, ते पुढे सुताबरोबर विणले जातात आणि माल नाकारला जातो. व्यापारी बोट घालून धागा बाहेर काढतो आणि भाव पाडतो, ते तुम्ही सोसलेच असेल.

अगदी विटलेले, धुवून धुवून मऊ झालेले धोतरही टाकू नका. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात हजारो तक्रारी आल्या, ते आठवत असेल. त्या धोतराचा हातभर तुकडा ओला करा, दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. चार-पाच दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजा. सत्तर किंवा वर आले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. फारच कमी आले तर ते बियाणे घरातच राहू द्या. निंबोळी अर्क गाळायलाही हेच कापड. नव्या कापडाला खळ असते, ती नडते.

घरातल्या जाणत्या बायांना दंड घातलेले लुगडे ठाऊक आहे. मधोमध विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड टोके जोडून पुन्हा नेसायचे. दुसऱ्या लुगड्याचे धड टोक जोडले की लांबीही भरून येते, आणि जोड निऱ्यांत दडवला की कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या आईने असे लुगडे पंढरपूरच्या वारीलाही नेसले. गोधडीविषयी मी काही सांगत नाही. त्यात तुम्ही माझ्या शिक्षक आहात. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत, एवढीच आठवण करून देतो. आत टेरिलीनच्या साड्या भरू नका, एवढे मात्र म्हणेन. घाम शोषत नाहीत आणि थर आतून सरकतात.

बैठकीत रागावलेल्या त्या मावशी पुढच्या दिवाळीच्या आधी वेचणीत भेटल्या. अंगावर निळ्या रेघांचा सदरा होता, कळी पिवळ्या कापडाची. "घरचाच हाय हं, बाजारचा न्हाई," त्या आधीच म्हणाल्या. मी कशाला विचारतो? "बाकी समदं ठीक हाय, पर खरी चैन हितं," म्हणत त्यांनी छातीवरच्या खिशावर थाप मारली. वेचणीची रोजची मजुरी आणि मोबाईल त्यात होता. लुगड्याला खिसा नसतो. पैसे कमरेच्या गाठीत जातात, नाही तर घरी पोचेपर्यंत दुसऱ्याच्या हाती. म्हणून बेतताना सदऱ्याचा वरचा खिसा उसवू नका. त्याला झाकण शिवा आणि बटण लावा, कारण वाकले की मोबाईल आधी विहिरीतच पडतो. शक्य झाले तर आतल्या बाजूने दुसराही एक खिसा लावून घ्या, तो कुणाला दाखवायची गरज नाही.