मॅशी, निब्लिक आणि मी

मंडळी, मी पडले मराठी माध्यमाची बी.ए. चौतीस वर्षं साताऱ्याला इतिहास आणि मराठी शिकवलं. खेळाशी माझा संबंध म्हणजे क्रीडादिनाला प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावं घालणं. अशी मी गोल्फच्या काठ्यांवर लेख लिहिते आहे हे वाचून आमची नातेवाईक मंडळी हसणार, हे मला आधीच ठाऊक आहे. हसा बापडे!

तर झालं असं. २०२३ च्या मे महिन्यात मी लेकीकडे स्कॉटलंडला गेले. एडिंबराच्या पूर्वेला समुद्रकाठी मसलबरा नावाचं गाव आहे, तिथे ती राहते. या गावात घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे आणि त्याच्या पोटात नऊ खड्ड्यांचं फार जुनं गोल्फचं मैदान. १८७४ ते १८८९ या काळात गोल्फची ती प्रसिद्ध ‘ओपन’ स्पर्धा इथे सहा वेळा झाली. अजूनही तिथे जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्याने घेऊन खेळता येतं. तशा काठ्यांची जागतिक स्पर्धाही २००५ साली इथूनच सुरू झाली. (तिकडे काठीला ‘क्लब’ म्हणतात. मला क्लब म्हटलं की पत्ते आठवतात, म्हणून मी आपली काठीच म्हणते.)

लेकीच्या शेजारी एक चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटेच राहतात. माझा बारा वर्षांचा नातू त्यांना ‘शेजारचे आजोबा’ म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आमच्या वयात फार अंतर नाही, पण असो. त्यांच्या परसात एक लाकडी खोपटं आहे. दुपारी त्याचं दार उघडं असायचं, आतून तेलाचा वास यायचा आणि आजोबा खिडकीपाशी बसून काहीतरी पुसत असायचे. तो वास ओळखीचा होता. जवसाचं तेल! ह्यांच्या कार्यशाळेत हाच वास असायचा. हे आमच्याच शाळेत सुतारकाम शिकवायचे. ह्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या वासाने मला कुंपणापाशी नेलं, असं म्हणायला हरकत नाही.

आजोबांकडे वीसेक काठ्या होत्या. नातू दुभाषा झाला, कारण त्यांची इंग्रजी माझ्या पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीपेक्षा फारच वेगळी. आजच्या काठ्यांना नंबर असतात, तेव्हा नावं असायची. ब्रासी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक... मला तर गोठ्यातल्या जनावरांची नावं ऐकल्यासारखं वाटलं. मॅशी मधल्या अंतराच्या फटक्याला. निब्लिकचा चेहरा चांगलाच कललेला, वाळूत किंवा गवतात रुतलेला चेंडू वर उचलायला.

दांडा हिकरीचा. हे झाड उत्तर अमेरिकेतलं. आपल्याकडे कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा घालतात, तसा तिकडे हिकरीचा, कारण हे लाकूड धक्का सोसतं, लवतं, पण सहजी मोडत नाही. पूर्वी स्कॉटलंडचे कारागीर अॅश वगैरे झाडांचं लाकूड वापरत, पण एकोणिसाव्या शतकात हिकरी जहाजाने येऊ लागली आणि तिने बाकीच्यांना मागे टाकलं. मग पोलादी नळीचे दांडे निघाले. सेंट अँड्र्यूजच्या नियम करणाऱ्या मंडळींनी १९२९ साली त्यांना परवानगी दिली आणि हिकरीचे दिवस भरले. बॉबी जोन्स नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच काठ्यांनी. तो जणू हिकरीचा निरोप समारंभ म्हणायचा.

आजोबांचे वडील चौदाव्या वर्षी एका काठ्या बनवणाऱ्याच्या दुकानात कामाला लागले होते. पोलादी दांडे आले, दुकान बसलं, आणि वडील गावातल्या तारेच्या कारखान्यात गेले. ज्या पोलादाने काम नेलं त्याच पोलादापाशी! त्यांनी जमवून ठेवलेल्या या काठ्या. त्यांच्यानंतर कित्येक वर्षं त्या ओलसर तळघरात पडून राहिल्या आणि आता आजोबा एकेक करून त्यांना माणसांत आणत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी म्हटलं, मला पण द्या काहीतरी काम. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ते मला ‘टीचर’ म्हणू लागले होते. त्यांनी एक मॅशी पुढे केली. लोखंडी डोकं गंजून तपकिरी झालेलं. पाठीवर तंबाखू ओढायच्या पाइपची एक इवलीशी खूण. ही सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट नावाच्या लोहाराची खूण. असे लोहार आपापली खूण ठोकायचे. कुणाचा पाइप, कुणाचा हात. अभ्यासू लोक त्यावरून काठीची कुळी सांगतात.

त्यांनी मला रीत दाखवली. तारेच्या घासणीचाच एक प्रकार, पण कापसासारखा मऊ. पुडक्यावर चार शून्यं लिहिलेली, म्हणजे सगळ्यांत बारीक. त्यावर दोन थेंब पातळ तेल, हलक्या हाताने चोळायचं, फडक्याने पुसायचं, बघायचं. पुन्हा चोळायचं, पुन्हा पुसायचं. वरचा तांबडा, बोटाला लागणारा गंज गेला की थांबायचं. खालचा काळसर रंग राहू द्यायचा. मग पुसून कोरडं करून मेणाचा पातळ हात.

एवढं सांगून आजोबा चहा करायला घरात गेले.

आता माझं ऐका. पन्नास वर्षं मी तांब्या-पितळेची भांडी घासली आहेत. चिंच, राख, काथ्या... समईत तोंड दिसलं पाहिजे, ही आमच्या सासूबाईंची शिकवण. ते काळपट लोखंड बघून मला राहवेना. फळीवर खरखरीत एमरी कापडाचा तुकडा पडला होता. मी तो उचलला आणि लागले कामाला. पाच-सात मिनिटांत मॅशी अशी लखलखली म्हणता! मी खूश. नातूसुद्धा “वा आजी!” म्हणाला.

आजोबा ट्रे घेऊन आले. मॅशी हातात घेतली, उलटी केली. पाइपची खूण अर्धी गेली होती. दांडी होती, तोंड नव्हतं.

ते काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वर्गात कितीतरी मुलांना ‘विचार न करता हात चालवू नये’ हे वाक्य शंभरदा लिहायला लावलं आहे. ते सगळे वर्ग त्या खोपट्यात माझ्याकडे बघत उभे आहेत असं वाटलं. मी “सॉरी” म्हटलं, मग नातवाला म्हटलं, त्यांना सांग, पुन्हा ठोकून घेता येईल का? पैसे मी देते.

नातवाने विचारलं. आजोबांनी मान हलवली. तशी खूण ठोकता येते, पण मग ती खोटी सही होते, असं त्यांचं म्हणणं. नंतर जे बोलले ते नातवाने मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला पटलं नाही. त्या काळी हे लोखंड साधं असायचं, पावसात लगेच गंजायचं. म्हणून खेळ संपला की दुकानातली पोरं रोज संध्याकाळी काठ्या एमरी कापडाने घासून काढत. त्यांचे वडील पोर होते तेव्हा तेच काम करायचे. “म्हणजे टीचरने माझ्या बाबांची एक संध्याकाळ भरून काढली,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे केला.

माणूस मोठा हो! पण खूण काही परत आली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे सारखा ह्यांचा रंधा येत होता. घराच्या माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला. सहा वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता. उघडला असता तर मी काय केलं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. घासून लख्ख केला असता.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी आजोबाच कुंपणापाशी आले. दोरा गुंडाळायचं काम होतं आणि त्यांची बोटं आता थरथरतात. लाकडी डोक्याच्या काठीला मानेपाशी काळा मेण लावलेला दोरा घट्ट, एकाला एक लागून वेढायचा असतो. गाठ कुठेच दिसत नाही. शेवटचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घ्यायचं. हे मात्र माझ्या हातचं! आयुष्यभर शिवण-टिपण केलेली बोटं. एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. आजोबांनी नख फिरवून पाहिलं आणि अंगठा वर केला.

पुढचे तीन महिने मी रोज दुपारी तिथे. दांड्याला सँडपेपर शक्यतो लावायचा नाही. मळ पुसायचा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्यायचे, मध्ये वाळू देऊन. तेलाचे बोळे कधी चुरगळून टोपलीत टाकायचे नाहीत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आजोबा ते बाहेर दोरीवर पसरून वाळवायचे. काठ्या कोपऱ्यात टेकवून ठेवल्या तर दांडा वाकतो, म्हणून आडव्या किंवा टांगून. ओल नको, तसं घर तापवणाऱ्या रेडिएटरचं सान्निध्यही नको. लाकूड फार सुकलं की आकसतं आणि लोखंडी नळीत डोकं खुळखुळतं. पूर्वी लोक अशी काठी रात्रभर पाण्यात उभी करायचे. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट व्हायचं, पण आतून गंज धरायचा.

ऑगस्टमध्ये नातवाने हट्ट धरला की त्याला निब्लिकने खेळायचंय. ती त्यांच्या वडिलांची स्वतःची. मुठीचं चामडं झिजून काळं झालेलं, अंगठ्याच्या जागी चक्क खळगा. मी नातवाला दटावलं. आता शहाणी झाले होते ना! म्हटलं, ही वस्तू जपायची, हात लावायचा नाही.

आजोबांनी तिचं चामडं उलगडायला घेतलं. मी बघतच राहिले. आतली लोकरी पट्टी भुगा होऊन पडली. जुनं चामडं त्यांनी कागदात गुंडाळून त्यावर वडिलांचं नाव लिहून खणात ठेवलं. नवं चामडं चढवलं. नळीतून आरपार जाणारी बारीक खीळ ठोकून काढली, आतला गंज साफ केला, नवा गोंद, नवी खीळ. खुळखुळणारं डोकं फटक्यासरशी उडालं तर कुणाचा तरी डोळा जाईल. चामडं, दोरा, गोंद, खीळ ही झिजायचीच असतात, वडीलही ती बदलूनच द्यायचे, असं त्यांनी सांगितलं. लोखंडावरची खूण आणि लाकडाचा रंग मात्र कुणाला नव्याने करता येत नाही. बदलायचं काय आणि राखायचं काय, एवढं कळलं की झालं. मी इतिहास शिकवला खरा, पण हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

नातू खेळला. मऊ चेंडू वापरायचा, ही आजोबांची अट. पहिले चार फटके गवतावर, पाचवा चेंडूला लागला. ‘टक्’ असा आवाज आला, विटीला दांडू बसावा तसा. आजोबा दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

ऑक्टोबरमध्ये मी साताऱ्याला परत आले. दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून ते गाठोडं काढलं. पात्यावर गंज होता. लाकडी अंगावर मात्र ह्यांच्या तळव्याचा काळा डाग तसाच, आणि उजव्या अंगठ्याचा खळगा. गल्लीतल्या सुताराला बोलावलं. पातं हे दर शनिवारी दगडावर लावायचे, ते झिजायचंच. म्हटलं, पात्याला धार लावून दे.

तो भला मुलगा. म्हणाला, “काकू, वरून पण एक हात मारून देतो, नवा कोरा दिसेल.”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला.

मग लाकडाला मी स्वतः जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला. त्याने पातं लावून बसवलं आणि परसातल्या एका फळकुटावर रंधा चालवून बघितला. पातळ, गोल शिलका सुटायला लागल्या. त्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यात गेला होता. मी काही बोलले नाही. चहा टाकायला आत गेले.