टपावरची फळी

गाडीच्या छतावर सामान बांधण्यासाठी जे दोन आडवे दांडे बसवतात, त्यांच्याविषयी कधी लिहावेसे वाटेल अशी कल्पना मी केली नव्हती. वीस वर्षे वर्गात रस, ध्वनी आणि अलंकार शिकवणाऱ्या बाईचा त्या दांड्यांशी संबंध तो काय! पण गेल्या वैशाखात गुहागर तालुक्यातले आमचे घर विकायचे ठरले आणि तो संबंध आला.

घर दादाने विकले. विकण्याचा अधिकार त्याचाच होता, कारण माझा मी सोडून दिला होता. 2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, हे मला ठाऊक होते. तरीही अण्णा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. का केली, याची उत्तरे मी वेळोवेळी निरनिराळी देत आले आहे. माया, संकोच, माहेरची वाट बुजेल ही भीती. तिन्ही खरी आहेत.

"तुला काय हवं ते सांग," दादा फोनवर म्हणाला.

"ओटीवरचा झोपाळा."

"एवढंच? टेम्पोनं पाठवून देतो."

"नको. मी येऊन नेईन."

हा हट्ट होता, हे मान्य करते. पण काही गोष्टी कोणी पाठवाव्यात आणि आपण पोच द्यावी, अशा नसतात.

झोपाळ्याच्या पितळी कड्या डिकीत मावल्या असत्या. प्रश्न फळीचा होता. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड, फणसाची. आमच्या लहान गाडीत ती आडवी-उभी कशीही बसेना. म्हणून नाना पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना घेऊन या, म्हणजे गाडी बघून सांगतो." गाडी मीच चालवते आणि ती बाहेर उभी आहे, असे सांगितल्यावर तो गाडीपाशी आला.

अण्णांच्या पिढीत हे काम सोपे होते. फियाटला, अँबॅसिडरला छताच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे. तिच्यात कॅरिअरचे पाय अडकवून चाप आवळले की झाले. आताच्या गाड्यांना ती पन्हळ राहिलेली नाही. काहींच्या छतावर लांबीच्या दिशेने उंच पट्ट्या असतात, काहींच्या छतात झाकणाखाली बोल्ट बसवण्याच्या जागा राखलेल्या असतात. आमच्यासारख्या साध्या गाडीला यातले काहीच नसते. तिला दाराच्या चौकटीची वरची कड पकडणारे पाय लागतात, आणि तेही नेमक्या त्याच मॉडेलचे, कारण प्रत्येक छताची गोलाई निराळी.

दुकानदाराने आधी दाखवल्या त्या मात्र चकचकीत पट्ट्या होत्या. छताला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवायच्या. दिसायला देखण्या.

"यांच्यावर किती वजन चालेल?"

"वजन? मॅडम, या शोच्या आहेत."

मम्मटाने अलंकारांना हारासारख्या दागिन्यांची उपमा दिली आहे. ती मी दरवर्षी शिकवते. अलंकार वरून चढवलेला की आशयाचा भार पेलणारा, हा वाद मुलांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते. त्या दुकानात तो एका वाक्यात मिटला. आणि त्याच क्षणी मला माझ्या हक्कसोडपत्रातला एक शब्द आठवला : 'स्वखुशीने'. देखणा शब्द. वरून चिकटवलेला. त्याच्यावर वजन किती चालेल, हे सही करताना मी विचारले नव्हते.

असो.

घरी येऊन गाडीची पुस्तिका उघडली. छतावरच्या भाराची मर्यादा 50 किलो दिली होती, आणि तीत दांड्यांचे वजनही धरायचे असते. फळीचे वजन कोण करणार? हिशेब मांडला. घनफळ सुमारे 52 लिटर. वाळलेला फणस पाण्याच्या सहा दशांशांहून थोडा जड धरला, तरी 35 किलोंच्या आत. दांडे पाच किलोंचे. जमत होते.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलीला मदतीला घेऊन दांडे बसवले. आधी छत ओल्या फडक्याने पुसले, कारण रबरी बैठकीखाली धूळ राहिली तर रंगावर ओरखडे उठतात. पुस्तिकेतल्या मापाने दोन दांड्यांमधले अंतर पेन्सिलीने आखले. पकडी दाराच्या चौकटीत बसवल्या. मग एलन कीने एक बाजू थोडी, दुसरी थोडी, असे आळीपाळीने आवळत गेले. एकच बाजू पुरती आवळली तर दांडा तिकडे सरकतो. शेवटी दांडा धरून हलवला. दांडा न हलता अख्खी गाडी हलली, तेव्हा काम झाले असे समजले.

गुहागरला दादा ओटीवर वाट पाहत होता. कड्या त्याने आधीच काढून, चिंचेने घासून ठेवल्या होत्या. फळीला जुनी गोधडी गुंडाळली. दोघांनी ती उचलून दांड्यांवर ठेवली. पट्टे टाकताना प्रत्येकाला एक पीळ दिला, म्हणजे वाऱ्याने ते गुणगुणत नाहीत. पुढची कड वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून पुढून-मागूनही दोर घेतला. गाडीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो.

"मला वाटायचं, तू कधीतरी घर मागशील," तो पलीकडून म्हणाला.

"मागितलं असतं तर?"

तो बोलला नाही. फळी मध्ये असल्याने त्याचा चेहराही दिसत नव्हता. पट्टा मात्र त्याने एकदा सोडला आणि पुन्हा घट्ट आवळला.

चिपळूण सोडल्यावर कुंभार्ली घाटाआधी थांबून गाठी तपासल्या. पहिल्या काही किलोमीटरांत पट्टे थोडे ढिलावतातच. माझ्या बाजूचा ढिला झाला होता. दादाच्या बाजूचा नाही. छतावरच्या वजनाने गाडी वळणांवर अंमळ जास्त कलते, म्हणून घाट सावकाश चढले. हेळवाक, कोयनानगर, पाटण. उंब्रजला हमरस्ता लागला, तरी वेग बेताचाच ठेवला.

दांडे आता काढून ठेवले आहेत. रिकामे दांडेही वारा अडवतात आणि पेट्रोल खातात. आमच्या फ्लॅटच्या छताला कड्या अडकवायला हूक नाहीत, म्हणून फळी सध्या हॉलमध्ये दोन स्टुलांवर ठेवली आहे. आई दुपारी तिच्यावर बसते आणि सवयीने पायाने जमिनीला रेटा देते. फळी हलत नाही. ती काही बोलत नाही.

हूक बसवणारा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे. दादाही येतो म्हणाला आहे.