डिस्टिंक्ट नावाचं पांघरूण

जॉइन केल्यावर ओळी वाढल्या की आपला पहिला हात जातो डिस्टिंक्टकडे. मला मात्र त्याची धास्ती वाटते. समजा, एका ऑर्डरमध्ये ३ वस्तू आहेत आणि गिऱ्हाईकाने ५००-५०० रुपयांचे २ हप्ते भरलेत. तिन्ही टेबलं जोडली की ओळी होतात ६ आणि जमा दिसते ३००० रुपये! आता सम डिस्टिंक्ट लावा. उरले ५००. म्हणजे एक खराखुरा हप्ता गायब!

मुळात वस्तूंचा हप्त्यांशी संबंधच नाही. दोघांचंही नातं ऑर्डरशी. म्हणून दोन्ही टेबलं आधी वेगवेगळी ग्रुप बाय करून ऑर्डरमागे एकेक ओळ करायची, मग जोडायची. हप्ता भरलाय का, एवढंच विचारायचं असेल तर एक्झिस्ट्स पुरे.

ओळी का वाढल्या हे कळल्याशिवाय पांघरूण घालायचं नाही. शेवटी त्या ओळीत कुणाचे तरी पैसे असतात राव!