मांडीवर शस्त्रक्रिया

मांडीचा स्नायू फाटला तर तिथे सुरी चालवायची नाही, असं मी फिजिओ म्हणून वर्षानुवर्षं मानत आलो. मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेली की बर्फ, विश्रांती आणि मग टप्प्याटप्प्याने व्यायाम. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, तो आपला आपण भरून येतो. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हे आजही खरं आहे. म्हणून कुणावर शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली की मला ती मोठ्या क्लबची घाई वाटायची. आता वाटत नाही.

विचार सुरू झाला तो फ्रेंच फुटबॉलपटू उस्मान डेंबेलेमुळे. सप्टेंबर २०१७ मध्ये गेटाफेविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला. फिनलंडमध्ये सर्जन साकारी ओरावा यांनी तो शिवला आणि डेंबेले चार महिन्यांच्या आत मैदानावर आला. पुढे २०२० मध्ये उजव्या मांडीवरही फिनलंडमध्येच शस्त्रक्रिया झाली. सर्वोत्तम फुटबॉलपटूचा २०२५ चा बॅलन डी'ओर पुरस्कार त्यालाच मिळाला.

पण एका खेळाडूच्या यशाने मी मत बदललं नसतं. मला पटलं ते शरीररचनेमुळे. मांडीमागचे तिन्ही स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात. स्नायूचं मांस फाटलं तर दोन्ही कडा जवळच असतात, त्या सांधतात. मात्र टेंडन हाडापासूनच उपटला तर लेंग्याची नाडी आत सरकावी तसा तो खाली ओढला जातो. मधल्या पोकळीत रक्त साठतं, मग व्रणाची गाठ बनते. हाडापर्यंत तो आपण होऊन परत कसा पोचणार? त्यात सायटिकची नस अगदी शेजारून जाते. काही आठवडे गेले की टेंडन तिला चिकटतो आणि जी शस्त्रक्रिया सुरुवातीला सोपी असते तीच जोखमीची होते. ताज्या दुखापतीत सर्जन हाडात बारीक अँकर बसवून त्याच्या धाग्यांनी टेंडन जागेवर बांधतात. त्यानंतर कुबड्या आणि कित्येक महिन्यांचा रिहॅब असतोच. माझ्या विरोधाचं मूळ इथेच होतं: शस्त्रक्रिया म्हणजे आमच्या कामाला दिलेली बगल, असं मला वाटे. प्रत्यक्षात तिच्यानंतर आमचं काम वाढतं.

क्रिकेटपटू के. एल. राहुलचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. १ मे २०२३ रोजी लखनौला चेंडूमागे धावताना त्याची मांडी गेली. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये कोलंबोत पाकिस्तानविरुद्ध त्याने नाबाद १११ केल्या.

तरीही मी दुसऱ्या टोकाला गेलेलो नाही. उत्तर युरोपातल्या डॉक्टरांनी ३० ते ७० वयाच्या रुग्णांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हाडापासून सुटलेल्या हॅमस्ट्रिंगवर शस्त्रक्रिया न केलेले लोकही दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मागे नव्हते. सकाळी फिरायला जाणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला मी आजही आधी व्यायामच सांगेन. पूर्ण वेगाने धावण्यावर ज्याचं पोट आहे, त्याचा हिशोब वेगळा.

जीव तुटतो तो आपल्या मातीतल्या पोरांसाठी. कबड्डीच्या चढाईत पाय फाकतो, मागे काहीतरी फटकन तुटल्याचं जाणवतं, मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडते, बसवत नाही. मग सुरू होते तेलाची मालिश. त्यात नेमके ते सोन्यासारखे आठवडे जातात. अशी लक्षणं दिसली की मी आता त्याच आठवड्यात एमआरआय करायला लावतो आणि खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या सर्जनकडे पाठवतो. खर्चाचं विचारलं की पोरं मान खाली घालतात. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना मी उघड सांगतो: बक्षिसाची रक्कम जाहीर करण्याआधी एका एमआरआयचे पैसे बाजूला काढून ठेवा.