रिकामा रकाना

अण्णा तलाठी होते. त्यांच्या दप्तरात मोकळा रकाना सापडणं कठीण. लिहिण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक', नाहीतर निदान एक आडवी रेघ. 'इतर अधिकार'चा रकाना आज उघडा ठेवला तर उद्या कुणाच्या तरी कर्जाचा बोजा तिथे अलगद येऊन बसतो आणि मग पोरंबाळं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते निव्वळ कारकुनी वाटायचं. पुढे इंजिनिअरिंगला प्रयोगवहीतल्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारायला लावणारे सर भेटले, तेव्हा महसूल खात्याची लागण इथवर पोचली म्हणून हसूही आलं होतं.

आता पोटापाण्याचा उद्योगच असा आहे की दिवसभर रिकाम्या रकान्यांशी गाठ. जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं 'एलसीए': एखादी वस्तू शेतात किंवा खाणीत जन्मल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत हवा, पाणी, माती यांना काय काय भोगायला लावते, त्याचा ताळेबंद. १९६९ मध्ये कोका-कोलासाठी अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने पेयाच्या निरनिराळ्या बाटल्या-डब्यांची अशी तुलना केली, तिथून या शास्त्राची सुरुवात मानतात. तो अहवाल पूर्ण स्वरूपात कधी छापला गेला नाही. म्हणजे वहीचं पहिलंच पान कोरं!

मी वापरते ते सॉफ्टवेअर ओपनएलसीए. बर्लिनच्या ग्रीनडेल्टाचं, मुक्त आणि फुकट. एकदोन वस्तूंचं गणित पडद्यावर क्लिक करून होतं. पण जिल्ह्याजिल्ह्याचा ऊस, तीन हंगाम, निरनिराळी खतं असं आलं की बोटं दुखतात. मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. ओपनएलसीएमध्ये एक छोटा सर्व्हर चालू करायचा, एरवी तो ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर असतो, आणि 'ओल्का-आयपीसी' या लायब्ररीतून त्याला निरोप धाडायचे: अमुक प्रक्रिया शोध, तमुक पद्धतीने मोज, उत्तर दे.

निरोप पोचत नाही तेव्हा ही जोडी ठणाणा करते. सर्व्हर चालू नसेल तर कनेक्शन नाकारल्याचं लाल अक्षरांत येतं. ओपनएलसीएची दुसरी आवृत्ती आली, वस्तूंच्या व्याख्या 'ओल्का-स्कीमा' नावाच्या वेगळ्या लायब्ररीत गेल्या, आणि जुने प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला आडवे झाले. नावाने शोधलेली प्रक्रिया सापडली नाही की हातात 'नन' येतं, पायथॉनचं 'काहीच नाही', आणि त्याला पुढचा प्रश्न विचारताच प्रोग्रॅम कोसळतो. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत असाच 'कशाकडेच न दाखवणारा' निर्देश घातला आणि २००९ मध्ये जाहीर भाषणात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला मात्र ते फार कडक वाटतं. कोसळणारा प्रोग्रॅम तरी निदान सांगतो की इथे काही नाही.

त्रास देतात ते न बोलणारे.

आडसाली उसाचं एक मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं. फाईल दुसरीकडे बनलेली. प्रोग्रॅम सुरळीत चालला, आकडा आला, आणि आकडा देखणा होता. फार देखणा. म्हणून नत्राची मात्रा हेक्टरी ४०० किलोवरून 'सुरू' हंगामातल्या उसाच्या २५० किलोवर आणून पाहिली. युरिया बनवण्याचा वाटा हलला. शेतातून होणारं उत्सर्जन मात्र ढिम्म. दिलेल्या नत्रातला साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साईडच्या रूपाने हवेत जातो असं धरतात, आणि हा वायू तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट. नत्राच्या दर किलोमागे सुमारे ४.३ किलो कार्बन डायऑक्साईडइतकं, म्हणजे आडसालीला हेक्टरी १.७ टन. एवढं सगळं गेलं कुठे?

फाईलमध्ये वायू होता, नाव अचूक, आकडाही बरोबर. पण ओपनएलसीए नावावरून ओळखत नाही. प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे आत येणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाला, ३६ चिन्हांचा ओळखक्रमांक असतो आणि मोजणीची पद्धत तोच पाहते. फाईल बनवणाऱ्याने डेटाबेसमधला वायू न घेता त्याच नावाचा नवा निर्माण केला होता. पद्धतीच्या यादीत हा नवा गडी नव्हता, म्हणून त्याचा परिणाम शून्य धरला गेला. तक्रार नाही, इशारा नाही. पंपाचं डिझेलही असंच लोंबकळत होतं: पुरवठादार प्रक्रिया जोडलेली नाही, म्हणून डिझेल जणू आभाळातून पडलं.

त्यावर उपाय म्हणून पायथॉनच्या दहाबारा ओळी पुरल्या. मॉडेलमधले सगळे प्रवाह एका बाजूला, पद्धतीला ठाऊक असलेले दुसऱ्या बाजूला, वजाबाकी. खरं काम त्यानंतरचं. वजाबाकीत उरलेलं सगळंच चुकीचं नसतं. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साईड अनेक पद्धती मुद्दामच शून्य धरतात, कारण तो उसानेच हवेतून घेतलेला असतो. ते शून्य विचारपूर्वक लिहिलेलं. नायट्रस ऑक्साईडचं कुणीच लिहिलेलं नव्हतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि हा फरक लायब्ररी सांगू शकत नाही, ऊस माहीत असलेला माणूस सांगतो. आयएसओ १४०४४ या मानकात हेच आहे: माहितीची पोकळी कशी भरली त्याची नोंद हवी, शून्य धरलं तरी चालेल, पण का धरलं ते लिहा. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा अण्णांची सही शोधावीशी वाटली.

दुरुस्तीनंतर आकडा वाढला आणि काम देणाऱ्यांना तो आवडला नाही. अहवाल तसाच गेला, सोबत न मोजलेल्या प्रवाहांचा एक तक्ता जोडून, प्रत्येकापुढे कारण. तुमच्या हाती कुठल्या साखरेचा, सिमेंटचा, कापडाचा असा अहवाल आला तर बेरीज नंतर बघा. आधी तो तक्ता मागा. नाही म्हणाले तर बेरीज वाचायची गरजच नाही.